बारा वर्षांनंतरचा अनुभव: इम्प्लांट, दुखणं आणि अर्धं कोरं कार्ड

पहिल्या दोन वर्षांत मला कुणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून सांगितलं असतं, करून घ्या. माझे दोन्ही स्तन वयात आल्यापासून वेगवेगळ्या आकाराचे होते. डावा इतका लहान की प्रत्येक कपडा एका बाजूने रिकामा पडायचा. दोन्ही स्तनांत सिलिकॉन जेल भरलेली इम्प्लांट बसवल्यावर पहिल्यांदा आरशासमोर सरळ उभी राहिले. तो आनंद खरा होता आणि आज इतकं सोसूनही मी तो खोटा ठरवणार नाही.

दहाव्या वर्षानंतर डावी बाजू बदलायला लागली. आधी थोडी घट्ट लागली, मग बोटभर वर सरकली, मग गोळ्यासारखी गोल झाली. दुखणं शेवटी आलं, पण आलं ते मुक्कामालाच. कुशीवर झोपता येईना. हात वर करून दोरीवर कपडे टाकताना काखेपासून बरगडीपर्यंत कळ जायची. खांद्याला पिशवी लावली की रात्रभर ठणका. हात लावला तर आत दगड ठेवल्यासारखं.

इथे माझी एक चूक कबूल करते. पहिल्या डॉक्टरांना मी इम्प्लांटबद्दल सांगितलंच नाही. लाज वाटली. हौसेची शस्त्रक्रिया, आता भोगा, असं कुणीतरी म्हणेल ही भीती होती. त्यांनी मानेची नस धरली असं समजून व्यायाम दिले आणि मी दोन महिने ते निमूटपणे केले. छातीत, खांद्यात, काखेत काहीही दुखलं तर पहिलं वाक्य हेच असू द्या: मला इम्प्लांट आहेत, इतकी वर्षं झाली.

नाव कळलं तेव्हा निम्मी भीती गेली. कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर. शरीरात परकी वस्तू गेली की शरीर तिच्याभोवती व्रणाच्या ऊतींचं पातळ वेष्टन, म्हणजेच कॅप्सूल, बांधतं. हे सगळ्यांनाच होतं. काहींमध्ये मात्र हे वेष्टन जाड होतं, आकसतं आणि आतल्या इम्प्लांटला आवळायला लागतं. आत साचलेलं रक्त, संसर्ग, इम्प्लांटवर बसलेला जंतूंचा अतिपातळ थर, झिरपलेलं सिलिकॉन अशी बरीच कारणं सांगितली जातात. माझ्या बाबतीत नेमकं कोणतं, ते कुणी ठामपणे सांगितलं नाही. डॉक्टर हे बेकर श्रेणीत मोजतात. पहिलीत स्तन मऊ आणि नैसर्गिक, दुसरीत थोडा घट्ट, तिसरीत कडक आणि आकार बिघडलेला, चौथीत कडक शिवाय दुखणारा. मी चौथीत होते.

सोनोग्राफीत काही वावगं दिसलं नाही. एमआरआयमध्ये दिसलं. डावं इम्प्लांट फुटलेलं होतं. जेल कॅप्सूलच्या आतच अडकलेलं आणि त्यात इम्प्लांटच्या आकसून पडलेल्या कवचाच्या नागमोडी रेषा. कधी फुटलं, कळलंच नव्हतं. जेल असं आतच राहिलं तर बाहेरून पत्ता लागत नाही, म्हणून याला मूक फुटणं म्हणतात. अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, सल्ला असा आहे की सिलिकॉन इम्प्लांट बसवलेल्यांनी काही त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी. मी बारा वर्षांत एकदाही केला नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं, हे खरंच. पण मीही कधी विचारलं नाही.

आता त्या कार्डाबद्दल. या सगळ्या प्रकरणात दुखण्याखालोखाल मला त्यानेच छळलं.

शस्त्रक्रियेनंतर घरी येताना मला इम्प्लांटच्या माहितीची दोन छोटी कार्डं दिली होती, डाव्या-उजव्या बाजूची. मी ती जिवापाड जपली. बारा वर्षांनी काढून नीट वाचली तर दोन्हींवर फक्त कंपनीचं नाव आणि हाताने लिहिलेलं माप. स्टिकरची जागा रिकामी. सिरीयल नंबर कोरा, लॉट नंबर कोरा. पृष्ठभाग गुळगुळीत की खरबरीत, तो रकानाही कोरा.

हा शेवटचा रकाना का महत्त्वाचा, ते सांगते. बीआयए-एएलसीएल नावाचा एक दुर्मीळ लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग, इम्प्लांटभोवतीच्या कॅप्सूलमध्ये होतो आणि त्याचा संबंध मुख्यतः खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी आढळला आहे. 2019 च्या जुलैमध्ये अॅलर्गन कंपनीने याच कारणाने बायोसेल प्रकारची इम्प्लांट जगभरातून परत मागवली. इम्प्लांट बसवून बरीच वर्षं झाल्यावर एकाएकी सूज येणं हे त्याचं नेहमीचं लक्षण. तेव्हा आत साचलेलं पाणी काढून त्यातल्या पेशींवर सीडी30 हे प्रथिन आहे का, ते तपासतात. मला सूज नव्हती, पाणी नव्हतं. पण माझ्या छातीत कोणता पृष्ठभाग आहे, हे सांगणारा कागद जगात कुठेच नव्हता. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे विचारलं तर इतकी जुनी नोंद ठेवलेली नाही, एवढंच उत्तर. चार वेळा गेले. चौथ्या वेळी रडूनच बाहेर पडले. स्टिकर लावायला दहा सेकंद लागतात आणि ती दहा सेकंद कुणी वाचवली म्हणून मी सहा महिने रात्री छत बघत काढले.

वॉरंटीचंही तेच. इम्प्लांट फुटलं तर कंपनी नवीन देणार, शस्त्रक्रियेच्या खर्चाला मदत मात्र पहिल्या दहा वर्षांपुरती, आणि दोन्हींसाठी सिरीयल नंबर हवा. म्हणजे देणार ती वस्तू मला नको आणि हवी ती मदत संपलेली. एक इम्प्लांट आयुष्यभर टिकेलच असं नाही. पुढे कधीतरी पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, हा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरायला हवा होता. मी एकदाच पैसे मोजायचे समजून बसले होते.

इथवरचं शस्त्रक्रियेच्या आधी लिहिलं होतं. आता नऊ आठवडे झालेत आणि एक-दोन मतं बदलली आहेत.

दोन्ही इम्प्लांट काढली, नवीन बसवली नाहीत. मी खूप वाचून गेले होते आणि कॅप्सूलसकट सगळं अखंड एका तुकड्यात काढा म्हणून हट्ट धरला होता. सर्जन बाईंनी शांतपणे सांगितलं की तशी शस्त्रक्रिया लिम्फोमा सिद्ध झालेल्यांसाठी असते. कॅप्सूल बरगड्यांना चिकटलेली असेल तर ओढून काढताना फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते. तेव्हा मला वाटलं, या टाळताहेत. आज पटतं. डावी कॅप्सूल अंड्याच्या कवचासारखी कडक, चुना धरलेली निघाली. बरगड्यांवर घट्ट बसलेली पातळ पट्टी त्यांनी तशीच ठेवली, बाकी सगळी काढून तपासणीला पाठवली. कर्करोग नाही असा अहवाल आला.

भूल उतरल्यावर मी पहिलं विचारलं ते इम्प्लांटबद्दल. त्यांनी मी आधीच विनवल्याप्रमाणे फोटो काढून ठेवले होते. दोन्हींच्या मागच्या बाजूला माप आणि क्रमांक कोरलेला. पृष्ठभाग गुळगुळीत. सहा महिने ज्या उत्तरासाठी वणवण केली ते माझ्याच छातीत कोरलेलं होतं. फोटो हातात धरून मी खूप वेळ तशीच पडून होते.

ठणका पहिल्याच रात्री गेला. टाके दुखत होते, पण ते दुखणं निराळं, रोज थोडं कमी होणारं. जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या आठ दिवस होत्या. कपड्यांत अडकून त्या ओढल्या जातात, पुढून उघडणारे सदरे आधीच काढून ठेवा. डाव्या स्तनाग्राला अजून नीट संवेदना नाही. कातडी सैल पडली आहे, दोन्ही बाजू पुन्हा वेगवेगळ्या दिसतात, तेव्हापेक्षाही जास्त. आरशासमोर अजून जड जातं. पण डाव्या कुशीवर झोपते, दीड वर्षानंतर.

शस्त्रक्रियेच्या आधी असलेल्यांना एकच सांगते. 2021 मध्ये एफडीएने रुग्णाला इम्प्लांटची माहिती देणारं कार्ड आणि धोक्यांची यादी देणं तिथल्या कंपन्यांना बंधनकारक केलं. तुम्ही कुठेही असा, कार्ड घरी नेण्याआधी तिथेच उभं राहून वाचा. रकाना कोरा असेल तर भरून घ्या, मागे कितीही रांग असली तरी. आणि फोटो काढून घरातल्या आणखी एकाकडे ठेवा.

दोन्ही क्रमांक मी कंपनीला कळवले आहेत. अजून उत्तर नाही. माझ्या जुन्या कार्डांवर ते मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले, इम्प्लांट आता माझ्याजवळ नसली तरी.