केराटोकोनसची शंका: टोपोग्राफी पुरेशी की टोमोग्राफी हवी?

चष्म्याचा सिलिंडर नंबर वारंवार बदलतोय, नवा चष्मा लावूनही अक्षरांना सावली दिसते, किंवा लेझरने चष्मा घालवायचा विचार आहे. अशा वेळी केराटोकोनस (कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन शंकूसारखा फुगण्याचा आजार) तर नाही ना, हे बघायला डॉक्टर कॉर्नियाचा नकाशा काढायला सांगतात आणि समोर दोन नावं येतात: टोपोग्राफी आणि टोमोग्राफी. नावं जुळ्या बहिणींसारखी असली तरी दोन्ही तपासण्या वेगवेगळं बघतात.

टोपोग्राफीत प्रकाशाची वर्तुळं डोळ्यावर टाकतात आणि त्यांच्या प्रतिबिंबाचा फोटो घेतात. कॉर्निया जिथे जास्त उभार झाला असेल तिथे वर्तुळं दाटतात. काही क्षणांत, डोळ्याला हात न लावता काम होतं, आणि पुढच्या पृष्ठभागाचा बाक ती उत्तम दाखवते. वरचा भाग सपाट आणि खालचा उभार, असा नकाशा आला की पुढे तपासायलाच हवं.

पण ती फक्त पुढची बाजू बघते. केराटोकोनसमध्ये सुरुवातीचा बदल बहुतेकदा मागच्या पृष्ठभागावर आणि जाडीत दिसतो. शिवाय कॉर्नियाचा सर्वांत वरचा पेशींचा थर, सुमारे ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), उंचवट्यावर पातळ होतो आणि त्याच्या कडेने जाड. खडबडीत जमीन सारवल्यावर सपाट वाटावी, तसा खालचा दोष लपतो. म्हणून टोपोग्राफी संशय पक्का करू शकते, पण तिच्या 'नॉर्मल' शेऱ्यावर मी निर्धास्त होणार नाही. डोळे कोरडे असतील तर उलटंही घडतं: प्रतिबिंब अश्रूंच्या थरावर पडत असल्याने वर्तुळं तुटतात आणि नसलेला दोष दिसतो.

टोमोग्राफी कॉर्नियाचे आडवे-उभे छेद घेऊन पुढची बाजू, मागची बाजू आणि प्रत्येक ठिकाणची जाडी एकत्र मांडते. पेंटाकॅमसारख्या यंत्रात फिरणारा शायमफ्लुग कॅमेरा (तिरक्या कोनातून छेद टिपणारा) दोनेक सेकंदांत हे सगळं टिपतो. मध्यभागाची जाडी साधारण ५४० मायक्रॉन असते. नुसता पातळ कॉर्निया म्हणजे आजार नव्हे, कित्येकांचा तो जन्मापासून तसाच असतो. सर्वांत पातळ जागा कुठे आहे, तिथून कडेकडे जाडी किती झपाट्याने वाढते आणि तिथेच मागची बाजू फुगली आहे का, हे तिन्ही एका जागी जुळलं तर काळजीचं. ओसीटी (प्रकाशाच्या साहाय्याने थरांचे बारीक छेद दाखवणारी तपासणी) वरच्या थराची जाडी वेगळी मोजून ते सारवण उघडं पाडते. नकाशा काठावरचा असेल तेव्हा तिचा उपयोग सर्वांत जास्त.

माझा कौल असा. लेझर करायचं असेल, घरात कुणाला केराटोकोनस असेल, किंवा किशोरवयीन मुलाचा सिलिंडर वाढत असेल आणि ते सारखे डोळे चोळत असेल, तर सरळ टोमोग्राफी. नंबर वर्षानुवर्षं स्थिर असेल, तक्रार काही नसेल आणि फक्त कॉन्टॅक्ट लेन्स बसवायची असेल, तर टोपोग्राफी बहुधा चालते.

मुलांच्या बाबतीत मी आग्रही आहे. वय जितकं कमी तितका आजार वेगाने पुढे जायची शक्यता जास्त. क्रॉस-लिंकिंग (औषधाचे थेंब आणि अतिनील किरणांनी कॉर्निया घट्ट करण्याचा उपचार) त्याला बहुतेक वेळा थांबवतं, पण गेलेला आकार सहसा पूर्ववत करत नाही. नेहमीच्या पद्धतीला किमान ४०० मायक्रॉन जाडी लागते, त्यामुळे वाट बघण्यात हा पर्यायही अवघड होत जातो.

कोणतीही तपासणी असो, लेन्स आधी काढून ठेवा: मऊ असेल तर एक-दोन आठवडे, कडक असेल तर त्याहून जास्त, नेमके दिवस डॉक्टरांना विचारा. लेन्सच्या दाबाने आकार तात्पुरता बदलतो. आणि पुढची तपासणी त्याच यंत्रावर करून घ्या. दोन यंत्रांचे आकडे एकमेकांशी थेट ताडता येत नाहीत, आणि आजार वाढतोय का हे तर दोन नकाशांमधल्या फरकावरूनच ठरतं. रंगांवर जाऊ नका, मोजपट्टी बदलली की तोच कॉर्निया हिरव्याचा लाल होतो. पहिला नकाशा आकड्यांसकट मागून घ्या आणि जपून ठेवा.