टीडीएल की सीडीएल: अँटेना मॉडेलच्या आत की बाहेर?

लिंक-पातळीच्या (एक प्रेषक, एक ग्राहक एवढ्याच) सिम्युलेशनसाठी थ्रीजीपीपीच्या, म्हणजे मोबाइल मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या, ३८.९०१ अहवालात रेडिओ चॅनलची दोन तयार मॉडेल्स आहेत: टीडीएल (टॅप्ड डिले लाइन) आणि सीडीएल (क्लस्टर्ड डिले लाइन). दोन्हींत ए ते ई असे पाच नमुने, त्यातले शेवटचे दोन थेट दृष्टिरेषेचे. बरेच जण वेग बघून टीडीएल उचलतात. त्याआधी एक ठरवा: अँटेना बदलला तर तुमचं उत्तर बदलायला हवं का?

टीडीएलमध्ये टॅपला (उशिरा पोचणाऱ्या सिग्नलच्या एकेका प्रतीला) विलंब, सरासरी पॉवर आणि फेडिंगचा (सिग्नलच्या चढउताराचा) प्रकार एवढंच असतं. दिशाच नाहीत, मग अँटेनाचा पॅटर्न (कोणत्या दिशेला किती गेन) लावणार कुठे? एकाहून जास्त अँटेना असले की दोन्ही टोकांच्या कोरिलेशन मॅट्रिक्सचा (अँटेनांवरचे सिग्नल एकमेकांशी किती मिळतेजुळते, ते सांगणाऱ्या) क्रोनेकर गुणाकार करायचा आणि पोलरायझेशनसाठी (लहरीच्या कंपनाची दिशा, उभी की आडवी) मध्ये तिसरा मॅट्रिक्स बसवायचा. काम भागतं. पण त्या आकड्यांत अँटेना आणि परिसर एकत्र मुरलेले असतात, नंतर वेगळे करता येत नाहीत.

सीडीएलमध्ये क्लस्टरला (जवळपास एकाच वाटेने येणाऱ्या किरणांच्या गटाला) कोन असतात, विखुरलेल्या क्लस्टरमागे २० किरण, आणि प्रत्येक किरणाला २×२ पोलरायझेशन मॅट्रिक्स. कर्णाबाहेरचे दोन घटक एक्सपीआरच्या (मूळ पोलरायझेशनमध्ये राहिलेली पॉवर भागिले दुसऱ्यात झिरपलेली) वर्गमुळाने भागायचे आणि चारही घटकांना स्वतंत्र रँडम फेज द्यायचा. सीडीएल-सीमध्ये एक्सपीआर ७ डीबी आहे. म्हणजे उभ्या घटकातून आडव्यात झिरपणारी पॉवर उभ्यात राहिलेल्या पॉवरच्या साधारण एक पंचमांश. उभ्याऐवजी फक्त आडवा घटक तितक्याच गेनने टिपणारा आदर्श अँटेना लावला, तर सरासरी ७ डीबी गमावाल. थेट दृष्टिरेषेच्या किरणात मात्र झिरपणं शून्य; तिथे ४५ अंशांच्या तिरकेपणाला ३ डीबी जातात आणि ९० अंशांना सिग्नलच उरत नाही. प्रत्यक्षात थोडं उरतं, ते अँटेना स्वतः शुद्ध नसल्यामुळे. टीडीएलमध्ये यातलं काहीच आपोआप घडत नाही, घट हातानं टाकावी लागते.

कोडिंग, सिंक्रोनायझेशन, चॅनल एस्टिमेशन तपासायचं असेल तर टीडीएल घ्या, उगाच वेळ घालवू नका. ±४५ अंशांनी तिरक्या अँटेनांची जोडी, बीमफॉर्मिंग (अनेक अँटेनांनी सिग्नल एका दिशेला वळवणं) किंवा फोन कसा धरलाय हा प्रश्न असेल, तर सीडीएलला पर्याय नाही. मात्र त्यातले कोन ठरलेले असतात, त्यामुळे बीम त्याच कोनांना सरावून उगाच हुशार दिसतो. अनेक वापरकर्त्यांची सरासरी हवी असेल तर त्याच अहवालातलं पूर्ण स्टोकॅस्टिक (कोन वगैरे दर वेळी रँडम निवडणारं) मॉडेल वापरा; तिथे एक्सपीआरही किरणागणिक बदलतो.

चॅनलचा मोजलेला डेटा वापरत असाल तर मोजणीच्या अँटेनाचा परिणाम त्यातून काढलाय का, हे आधी बघा. नसेल आणि वर तुम्ही स्वतःचा पॅटर्न लावलात, तर अँटेना दोनदा मोजला जाईल.