पेडलविना स्टील गिटार: मंचावरची आणि चॅपेलमधली

पेडल नसलेल्या स्टील गिटारवर सुराची उंची ठरते ती केवळ तारेवर सरकणाऱ्या सळईने, त्यामुळे वाजवणाऱ्याचा हात थेट ध्वनिमुद्रणात जितका उघडा पडतो तितका क्वचितच कुठे पडत असेल. अमेरिकन गायक जॅक्सन ब्राऊन यांच्या 'रनिंग ऑन एम्प्टी' या 1977 च्या अल्बममध्ये डेव्हिड लिंडली यांची विजेवर चालणारी लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार, मैफिलीच्या गलबल्यातून वाट काढते. शीर्षकगीतातला तिचा लांबलेला सूर किंचित खरखरतो, आणि ती खरखर मला तरी हवीशी वाटते.

पंडित विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांच्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर'मध्ये श्रोते नाहीत. कॅलिफोर्नियातील एका चॅपेलमध्ये, भेट होऊन तासही उलटला नसताना, दोघांनी ते वाजवले. भट्टांच्या मोहनवीणेच्या (गिटारवरूनच घडवलेल्या वाद्याच्या) तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप घुमणाऱ्या तारा सळई उचलल्यानंतरही घुमत राहतात आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, संपली कुठे, हे कळत नाही. (कूडर यांची गिटार मात्र बॉटलनेकची, म्हणजे मांडीवर आडवी न ठेवता, बोटात घातलेल्या नळीने वाजवलेली.)

गोव्यात फोंड्यातील आमच्या बाल्कांवात (घरापुढच्या बैठकीच्या ओसरीत), कौलांवर पाऊस कोसळत असताना, दुसऱ्या मुद्रणातील बारकावे निम्मे बुडतात, तर लिंडली पावसावरही मात करतात. कला अकादमीत रागसंगीत ऐकलेल्या गोमंतकीय श्रोत्याने तरीही सुरुवात भट्टांपासून, चांगल्या हेडफोनवर, करावी, कारण तिथला आलाप त्याच्या कानाला परका वाटणार नाही; लॅप स्टीलकडे नंतर वळावे.