चोवीस गेजचा पत्रा, फक्त कागदावर

कॅरिबियनमधल्या ग्रेनाडात नोकरीला येऊन काही वर्षं झाली, भाडं भरून कंटाळा आला आणि "आता आपलंच बांधू" असं घरात बोललं जाऊ लागलं, अशा मराठी कुटुंबांसाठी हे लिहिते आहे. सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट, डॉमिनिका इथल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. आम्हाला एका ठेकेदाराने फसवलं. जमिनीत नाही, छपरात. आणि छप्पर ही गोष्ट अशी आहे की एकदा खालून सीलिंग ठोकलं की आत काय आहे ते वादळालाच कळतं.

जमिनीचं आधी उरकून टाकते. आपण भारतीय नागरिक म्हणजे इथे परके, त्यामुळे जमीन घेताना एलियन्स लँडहोल्डिंग लायसन्स लागतं आणि त्याची फी किमतीच्या १० टक्के. विकणारा सांगतो त्या आकड्यात ती धरलेली नसते. इथे सातबारा नाही. जुन्या खरेदीखतांची साखळी वकिलाने मागे मागे जाऊन तपासायची. मध्येच कुठेतरी फॅमिली लँड निघते, म्हणजे आजोबांच्या नावची, वाटणी न झालेली जमीन, तिचे अर्धे वारस ब्रुकलिनमध्ये आणि अर्धे लंडनमध्ये. आम्ही विकणाऱ्याच्या वकिलाला नमस्कार करून स्वतःचा वेगळा वकील केला, मोजणी परवानाधारक सर्व्हेअरकडून घेतली. तिथे काही बिघडलं नाही.

ठेकेदार आला तो ओळखीतून. पन्नाशीचा, मृदू बोलणारा, रविवारी चर्चला जाणारा. १ मे १८५७ ला कलकत्त्याहून मेडस्टोन नावाचं जहाज पहिल्या भारतीय मजुरांना घेऊन ग्रेनाडाला लागलं, त्यात आपले खापरपणजोबा होते, असं त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं. खरं असेलही. आमच्याकडे जेवला, आमटी दोनदा मागून घेतली, नवऱ्याला "डॉक्टर" आणि मला "सिस्टर" म्हणू लागला. पुढे कळलं की समोरचं गिऱ्हाईक इंग्लंडहून परतलेलं असलं की याचे मामा बर्मिंगहॅमला असतात.

करार ठोक रकमेचा होता, ४ लाख ८० हजार ईसी (म्हणजे ईस्टर्न कॅरिबियन) डॉलर. (ईसी १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० असा बांधलेला आहे, तेव्हा रुपयांत तुम्हीच करून पाहा.) हप्ते त्याने असे मांडले: ४० टक्के सुरुवातीला 'मोबिलायझेशन' म्हणजे जमवाजमवीसाठी म्हणून, ३० टक्के रिंग बीम झाल्यावर, २५ टक्के छप्पर चढल्यावर, ५ टक्के किल्ली देताना. आता हे नीट बघा. छप्पर वर दिसलं की ९५ टक्के पैसे त्याच्या खिशात. आतली फरशी, नळ, वायरिंग, दारं, रंग, सगळं राहिलेलं असताना. कुठल्याही क्वांटिटी सर्व्हेअरला, म्हणजे बांधकामाचं मोजमाप आणि खर्च तपासणाऱ्याला, ही विभागणी दाखवली तर तो आधी हसेल. झालेल्या कामाची मोजणी करून तेवढेच पैसे द्यायचे, प्रत्येक बिलातून ५ ते १० टक्के मागे ठेवायचे आणि घर ताब्यात आल्यावर सहा महिन्यांनी, दोष दुरुस्त झाले तरच सोडायचे, ही या धंद्यातली अगदी जुनी रीत आहे. आमच्या ठेकेदाराने तिच्याबद्दल "ते मोठ्या हॉटेलांसाठी असतं, घरांना नाही" असं सांगितलं. तुम्हाला कोणी हे वाक्य ऐकवलं तर तिथेच उठा.

रिंग बीमच्या वेळी आम्ही नणंदेच्या लग्नासाठी पुण्यात होतो. रिंग बीम म्हणजे भिंतींच्या माथ्यावरून घराभोवती फिरणारा काँक्रीटचा पट्टा. छप्पर शेवटी त्यालाच धरून असतं. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर रोज फोटो पाठवले. चार लोखंडी गज, त्यांना व्यवस्थित रिंगा, वर उभे राहिलेले अँकर बोल्ट. पुण्यातल्या एका सिव्हिलवाल्या मित्राला दाखवले, तो म्हणाला काम चोख आहे. आम्ही ३० टक्के पाठवले.

छप्पर चढताना मात्र आम्ही इथेच होतो, आणि श्रीवर्धनहून बाबा रोज व्हिडिओ कॉलवर. त्यांनी ३ जून २०२०चं निसर्ग वादळ घरात बसून काढलेलं आहे. आमचं जुनं कौलारू घर तगलं आणि मागच्या पडवीवरचे नवेकोरे पत्रे शेजारच्या वाडीत सुपारींवर जाऊन पडले. त्यामुळे त्यांचा प्रश्न एकच.

"अगं, पत्रा जाड आहे की पातळ ते नंतर. तो कशाला धरलाय ते विचार त्याला."

मी विचारलं. ठेकेदार मला पुढच्या दारापाशी घेऊन गेला आणि वर बोट दाखवलं. वासा जिथे भिंतीवर टेकतो तिथे चकचकीत गॅल्व्हनाइज्ड पट्टी, तिला खिळे ठोकलेले. यालाच इथे हरिकेन स्ट्रॅप म्हणतात. व्हरांड्याच्या कोपऱ्यावर दुसरी, बाजूच्या दाराशी तिसरी. "सिस्टर, प्रत्येक वाशाला आहे." उरलेल्या बाजूंना तोवर सीलिंग आणि पाखाखालच्या फळ्या ठोकून झाल्या होत्या. जूनआधी संपवायचं म्हणून फार घाई चालली होती, कारण वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. घाईचं हे कारण इतकं पटणारं असतं की त्यामागे काय लपतंय हे सुचत नाही. शिवाय त्याचं आवडतं वाक्य होतंच: जॅनेट १९५५ला आली, आयव्हन २००४ला, पन्नास वर्षांत एकदा येतं ते. आयव्हननंतर पुढच्याच वर्षी जुलैत एमिली आली होती, हे तो गाळायचा.

१ जुलै २०२४ला बेरिल आलं. त्याचा डोळा ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटावरून गेला, चौथ्या श्रेणीचं वादळ. तिथे आणि पेटीट मार्टिनिकवर जे झालं त्यापुढे आमचं दुखणं काहीच नाही. ग्रेनाडा बेटाच्या उत्तरेलाही मार बसला. आम्ही दक्षिणेला राहतो, तिथे वारा त्यामानाने पुष्कळ कमी होता. आमच्या रांगेतली चाळीस वर्षं जुनी घरं जशीच्या तशी राहिली. आमच्या नव्या घराचा व्हरांडा उघडला, आणि जाताना मुख्य छपराचा एक कोपरा सोबत घेऊन गेला.

दुरुस्तीला आलेल्या म्हाताऱ्या सुताराने सीलिंगच्या चार फळ्या काढल्या आणि मला शिडीवर बोलावलं. स्ट्रॅप होते ते फक्त जमिनीवरून दिसतील त्या वाशांना. बाकी वासे नुसते तिरपे खिळे मारून बसवलेले. वासे ज्या लाकडावर टेकतात ती वॉल प्लेट रिंग बीमला दर तीन-चार फुटांवर बोल्टने आवळलेली हवी. आमच्या एका भिंतीच्या पूर्ण लांबीत दोन बोल्ट होते, त्यातल्या एकाला नट नव्हता. पत्र्यांना स्क्रू होते, पण पाखाच्या कडेला आणि आढ्याजवळ, जिथे वारा सर्वांत जास्त उचलतो आणि प्रत्येक पन्हळीला स्क्रू हवा, तिथेही एकाआड एकच. व्हरांड्याचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं बांधायचं असतं, म्हणजे ते गेलं तरी एकटं जातं. त्याने लाकूड वाचवायला तेच वासे पुढे लांबवले होते. पत्रा रीपेला, रीप वाशाला, वासा वॉल प्लेटला, प्लेट रिंग बीमला, बीम खांबांतून पायाला, अशी ही धरून ठेवण्याची साखळी. वारा छपराला वरून दाबत नाही, खालून ढकलून आणि वरून ओढून उचलतो. एक कडी नसली की बाकीच्यांवर केलेला खर्च वाया.

आणि पत्रा. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे उलटं गणित आधी डोक्यात पक्कं करा. करारात २४ गेज होतं. सुताराने फाटलेल्या तुकड्याची कडा चिमटीत धरली आणि म्हणाला, अठ्ठावीस. २४ गेज साधारण ०.६ मिलिमीटर, २८ त्याहून बराच कमी, ०.४च्याही खाली. फिफ्टी डॉलरच्या कॅलिपरने हे कोणालाही मोजता येतं. मी लगेच पावत्यांची फाईल काढली, कारण हिशेब हे माझंच काम. पावतीवर २४ गेज स्पष्ट लिहिलेलं. पण वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रोफॉर्मा'. म्हणजे दुकानाने दिलेला दरांचा अंदाज, पैसे भरल्याची पावती नव्हे. त्यावर त्याने 'पेड' असा स्वतःचा शिक्का मारला होता. दुकानात जाऊन विचारलं, तर त्या क्रमांकावर विक्री झालेलीच नाही. फाईलमधल्या बहुतेक मोठ्या पावत्या अशाच निघाल्या.

फोटोंचं कोडं सुटलं ते शेजारणीमुळे. आयुष्यभर इंग्लंडात हडर्सफील्डला नर्स म्हणून काम करून त्या परत आल्या, सगळे त्यांना टँटी म्हणतात. मी फोनवर रिंग बीमचे फोटो दाखवत होते, की बघा हे तरी नीट केलंय. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि मागच्या निळ्या टाकीवर बोट ठेवलं. टाकी त्यांची होती. टाकीच काय, गजही त्यांचेच. आमच्याआधी याच माणसाने त्यांचं घर बांधलं होतं, त्या वेळी त्यांचा पुतण्या रोज साइटवर बसून असायचा, म्हणून ते काम चोख झालं आणि पुढे इतरांना दाखवायला त्याच्या कामी आलं. तेव्हा परदेशातून किंवा भारतातून लक्ष ठेवणार असाल तर नुसते फोटो मागू नका. त्या दिवशी तुम्ही सांगाल तो शब्द पुठ्ठ्यावर लिहून गजांपाशी ठेवायला लावा, नाहीतर थेट व्हिडिओ कॉल करून कॅमेरा रस्त्यापासून गजांपर्यंत चालत न्यायला सांगा. काँक्रीट ओतायच्या आधी. ओतल्यावर काय बघणार!

फिजिकल प्लॅनिंग या सरकारी खात्याची मंजुरी आमच्याकडे होती, नकाशावर शिक्केही होते. पण मंजुरी नकाशाला मिळते. टप्प्याटप्प्याच्या तपासणीला माणूस बोलावणं हे ज्याने काम घेतलंय त्याच्यावर सोडलं, तर तो त्याला सोयीच्या दिवशी बोलावतो. त्यांचा फोन नंबर स्वतःकडे ठेवा.

सुरक्षेचं पॅकेज त्याने वेगळं विकलं होतं, वर पैसे घेऊन. खिडक्यांचे बर्गलर बार भरीव सळईचे म्हणून सांगितलेले, निघाले पोकळ नळीचे. समुद्राची हवा आतून शिरली आणि पहिल्याच पावसाळ्यात वेल्डिंगच्या सांध्यांतून गंज ओघळला. त्याहून वाईट म्हणजे सगळे बार पक्के डकवलेले. प्रत्येक झोपायच्या खोलीत निदान एका खिडकीचा बार आतून, किल्लीशिवाय उघडणारा पाहिजे. रात्री आग लागली तर चोराला अडवणारी जाळी आपल्यालाच कोंडते. मुंबई-पुण्यातही हेच बघत आलोय आपण, तरी कोणी मनावर घेत नाही. आणि ठेकेदाराशी वाजलं त्याच दिवशी कुलपांची सिलिंडरं बदलून घ्या. आमच्या मागच्या दाराची एक किल्ली त्याच्या गवंड्याकडे होती, हे त्या गवंड्यानेच, बिचाऱ्याचे मजुरीचे पैसे बुडाले म्हणून चिडून, येऊन सांगितलं.

विम्याचंही सांगते. वादळाच्या नुकसानीत इथे साधारण विम्याच्या रकमेचे पहिले २ टक्के आपले असतात. नुकसानीचे २ टक्के नव्हे, पूर्ण रकमेचे. ५ लाखांचा विमा असेल तर पहिले १० हजार तुमच्या खिशातून. व्हरांडा आणि एक कोपरा हे जवळपास तेवढ्यातच बसलं. उरलेल्याला कंपनीच्या सर्व्हेअरने सदोष बांधकाम असा शेरा मारला आणि विषय मिटला. घर पुन्हा बांधायला लागेल त्यापेक्षा कमी रकमेचा विमा उतरवला, तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते, हे कलमही सही करण्याआधी शोधून वाचा.

ठेकेदार आता फोन उचलत नाही. वकिलांनी नोटीस काढली. त्याच्या नावावर गाडीसुद्धा नाही, सगळं बायकोच्या आणि मेहुण्याच्या नावे, त्यामुळे निकाल लागला तरी वसुली कशातून, हा प्रश्न त्यांनी आम्हालाच विचारला. काम देण्याआधी हे विचारायला हवं, असंही ते म्हणाले, फी घेतल्यावर.

छप्पर त्या सुतारानेच पूर्ण उतरवून पुन्हा केलं. या वेळी करार फक्त मजुरीचा. पत्रे, स्ट्रॅप, बोल्ट आम्ही दुकानात आमच्या नावाने खातं उघडून घेतले, ट्रकमधून उतरताना मोजले, पत्र्याची जाडी कॅलिपरने पाहिली. वाळूसुद्धा सरकारी महामंडळाच्या चलनावर आली, कारण रात्री पिकअपमधून येणारी स्वस्त वाळू किनाऱ्यावरची असते आणि तिच्यातलं मीठ आतले गज खातं. एका क्वांटिटी सर्व्हेअरला तीनदा येण्याचे पैसे दिले: बोल्ट बसल्यावर, स्ट्रॅप लागल्यावर आणि पत्रे चढल्यावर. त्याची सही झाल्याशिवाय सीलिंगची फळी लावायची नाही, हे करारातच लिहिलं. सुताराला राग येईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, बरं झालं, नंतर कोणी माझ्या नावाने बोटं मोडणार नाही. त्याच्या मजुरीतले १० टक्के आम्ही ठरल्याप्रमाणे मागे ठेवलेत. ते नोव्हेंबर संपल्यावर, सर्व्हेअर वर चढून स्क्रू पाहून आला की द्यायचे.