‘सगळ्यावर चालतं’ म्हणून विकलेला बॅकअप

पुण्यात पेठेतला आमचा छापखाना. पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांचे वार्षिक अहवाल अशी कामं असतात. बॅकअपचं सॉफ्टवेअर म्हणून आम्हाला जे विकलं गेलं, ते प्रत्यक्षात काय होतं हे सविस्तर सांगतो. विकणारी मंडळी आजही फिरताहेत आणि त्यांचा रोख आमच्यासारख्या छोट्या कचेऱ्यांवरच आहे. आमची तक्रार ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे त्यांचं नाव इथे देत नाही.

आमच्या धंद्यात सगळे कॉम्प्युटर एका जातीचे कधीच नसतात. मराठी अक्षरजुळणी विंडोजवर होते, कारण जुन्या फॉन्टमधली वर्षानुवर्षांची कामं तिथेच उघडतात. मांडणी आणि मुखपृष्ठं दोन आयमॅकवर. हिशेब टॅलीत. आणि कोपऱ्यात एक उबुंटूचा, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकाराचा सर्व्हर, ज्याच्यावर सांबाचं शेअर आहे, म्हणजे विंडोज आणि मॅक दोघांनाही नेटवर्कवरून उघडता येणारा सामायिक फोल्डर. सगळ्यांची कामं संध्याकाळी तिथे जाऊन पडतात, आणि जॉबकार्डांचा डेटाबेसही त्याच्यावरच. या सगळ्याचा एका जागी बॅकअप घेणारं काहीतरी हवं होतं. आमच्या कागदवाल्याच्या ओळखीनं एक गृहस्थ आले. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, “साहेब, तुमच्याकडे विंडोज असू दे, मॅक असू दे, लिनक्स असू दे, आपलं सगळ्यावर चालतं.”

डेमो चोख झाला. त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवरचा एक फोल्डर पुसला आणि अर्ध्या मिनिटात परत आणून दाखवला. बाबांनी विचारलं, “मॅकवर दाखवता का?” तर म्हणाले, “सर, इंजिन एकच आहे, इन्स्टॉलेशनच्या दिवशी दाखवतो.” त्या दिवशी माणूस दुसराच आला. त्यानं हिशेबाच्या विंडोज मशीनवर काम केलं, दोन्ही मॅकवर फाइल शेअरिंग चालू केलं, सर्व्हरचं शेअर त्या विंडोजवर ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून जोडलं, ‘आत्ता बॅकअप घ्या’चं बटण दाबलं आणि हिरवी खूण आली की सही घेऊन गेला. किंमत पंच्याऐंशी हजार, शिवाय वार्षिक देखभालीचे अठरा हजार. पुढे दर सोमवारी मेलवर अहवाल यायचा, सगळ्या ओळींवर हिरव्या खुणा आणि त्रुटी शून्य.

गणपती नुकते झाले होते, तीन दिवाळी अंकांची कामं अंगावर होती, आणि सर्व्हरची डिस्क गेली.

नवी डिस्क बसवली, उबुंटू पुन्हा टाकलं आणि बॅकअप उघडला. सर्व्हरच्या फोल्डरखाली तारीख एकच होती, ती बसवणी झाली त्या दिवसाची. त्यानंतरची एकही फाइल नाही. कारण नंतर कळलं, आणि ते प्रत्येकानं समजून घ्यावं असं आहे. विंडोजमध्ये जोडलेला ड्राइव्ह फक्त लॉगिन केलेल्या माणसाला दिसतो. रात्रीचं काम मात्र सर्व्हिस म्हणून, सिस्टीमच्या खात्यातून चालत होतं, आणि त्या खात्याच्या लेखी ‘झेड’ अस्तित्वातच नव्हता. पहिल्या दिवशी त्या मुलानं लॉगिन करून हातानं बटण दाबलं म्हणून तेवढी एक प्रत आली. त्यानंतर रोज रात्री ते सॉफ्टवेअर ड्राइव्ह शोधायचं, सापडला नाही की ‘वगळले’ अशी नोंद करायचं आणि खाली ‘यशस्वी’ लिहायचं. वगळलेल्या गोष्टी मेलमध्ये येतच नव्हत्या, म्हणूनच त्रुटी शून्य.

जी एक प्रत होती तिची अवस्था तर बघवत नव्हती. आमच्या फाइलींची नावं देवनागरीत असतात. बॅकअपच्या संग्रहात त्या सगळ्यांची प्रश्नचिन्हं झाली होती. त्या सॉफ्टवेअरला युनिकोडमधली, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्या लिहिता येतात त्या पद्धतीतली नावं साठवताच येत नव्हती, आणि अक्षर, काना, मात्रा, हलन्त प्रत्येकाला ते एकेक प्रश्नचिन्ह लावत होतं. ‘अनुक्रम’ लिहायला सात खुणा लागतात, ‘जाहिरात’लाही सातच. एकाच फोल्डरमधल्या या दोन फाइलींचं नाव सात प्रश्नचिन्हं असं एकच झालं आणि नंतरची फाइल आधीच्या जागी बसली. जी उरली ती विंडोजवर उतरेना, कारण विंडोज फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालू देत नाही. ती लिनक्सवर उतरवून उघडली तर आत जाहिरात होती. अनुक्रम गेला. इंग्रजी नावांच्या फोल्डरवर डेमो देणाऱ्याला हा दोष कधी दाखवावाच लागत नाही, आणि मराठीत काम करणाऱ्या कचेरीला तो टाळता येत नाही.

मग बाकीची मशीनं तपासायला घेतली. मॅकवरचे जुने पोस्टस्क्रिप्ट फॉन्ट बॅकअपमध्ये होते, पण प्रत्येकाचा आकार शून्य केबी. त्या जुन्या मॅक फॉन्टचा खरा ऐवज फाइलच्या रिसोर्स फोर्क नावाच्या वेगळ्या भागात असतो. विंडोजवरून साधी नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरला तो भाग दिसत नाही, हाती लागतं ते रिकामं टरफल. टॅलीच्या फोल्डरमधल्या मुख्य फाइलीही नव्हत्या, कारण रात्री टॅली उघडं राहायचं. उघड्या फाइलची नक्कल करायची तर विंडोजच्या शॅडो कॉपी सेवेचा वापर करावा लागतो, तो या सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच. थोडक्यात, मॅकवर आणि लिनक्सवर चालणारा त्यांचा प्रोग्रॅम कधी बसवलाच गेला नव्हता. एका विंडोज मशीनवरून नेटवर्कवर नक्कल मारायची आणि त्याला ‘सगळ्यावर चालतं’ म्हणायचं, एवढाच तो प्रकार होता.

खरी लबाडी त्याच्याही पुढची. प्रोग्रॅमच्या ‘माहिती’च्या खिडकीत वरचं नाव त्यांचं होतं, पण तळाशी बारीक अक्षरात एका परदेशी कंपनीचं. त्या कंपनीला लायसन्सचा क्रमांक कळवून विचारलं. उत्तर आलं की ही घरगुती, व्यक्तिगत वापराची एका मशीनची आवृत्ती आहे, कार्यालयात वापरायला परवानगी नाही, लिनक्सला तिचा आधार नाही, आणि आमच्या विक्रेत्याशी त्यांचा काही संबंध नाही. आयकॉन आणि नाव बदलून घरगुती वस्तू पंच्याऐंशी हजारांना विकली होती.

विक्रेत्याला फोन केला तर उत्तर काय मिळालं? “सर, सर्व्हर आपल्या स्कोपमध्ये नव्हता.” आणि त्याच संध्याकाळी डेटा रिकव्हरीचं वेगळं कोटेशन! बिल काढून पाहिलं. त्यावर लिहिलं होतं, ‘मल्टी-प्लॅटफॉर्म बॅकअप सोल्युशन, १ नग’. मशीनांची यादी नाही, सॉफ्टवेअरचं मूळ नाव नाही, रिस्टोअर, म्हणजे डेटा परत उतरवून देणं, हा शब्द तर कुठेच नाही. हे अनवधानानं झालेलं नाही. बिल असं मोघम ठेवलं की हात वर करायला जागा राहते.

कामं परत उभी राहिली ती दुसऱ्यांच्या प्रतींवर. आमच्या डिझायनर ताईंनी स्वतःच्या सोयीसाठी मॅकला एक डिस्क लावून टाइम मशीन चालू ठेवलं होतं. ॲपलनं २००७ पासून मॅकमध्ये फुकट दिलेली ही सोय, तिनं दोन अंकांची मुखपृष्ठं आणि बरीचशी मांडणी परत दिली. छपाईच्या प्लेट काढणाऱ्याकडे छापून झालेल्या फर्म्यांच्या, म्हणजे एकत्र छापलेल्या पानांच्या संचांच्या पीडीएफ होत्या. एका ज्येष्ठ लेखकाच्या पुस्तकावरच्या तीन वाचनांच्या दुरुस्त्या मात्र फक्त सर्व्हरवर होत्या. त्यांच्या हातच्या खुणांची कागदी प्रुफं आम्ही ठेवली होती, म्हणून ऑपरेटरकाकांनी त्या सगळ्या पुन्हा घातल्या. त्या लेखकानं वयाच्या त्या टप्प्यावर भिंग घेऊन तपासलेलं काम आमच्याकडे होतं, आणि एका मोघम बिलानं ते जवळजवळ बुडवलं होतं. राग येतो तो याचा.

बॅकअप ही अशी वस्तू आहे की ती वापरायची वेळ संकटातच येते, त्यामुळे खोटी विकलेली महिनोन्महिने कळत नाही. भल्याभल्यांचंही यात फसतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला, आणि बॅकअपच्या ज्या पाच व्यवस्था होत्या त्यांतली एकही नीट चालत नसल्याचं तेव्हा उघड झालं. डेटाबेसची रोजची प्रत निघत नव्हती आणि ती बिघडल्याचं कळवणाऱ्या मेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. तिथे कोणी कोणाला फसवलं नव्हतं, आणि कंपनीनं सगळं स्वतःहून जगासमोर मांडलं. जिथे विकणाराच लबाड आहे तिथे हिरव्या खुणेला काय अर्थ उरतो?

म्हणून कोणी असं काही विकायला आलं तर त्याच्या लॅपटॉपवरचा डेमो बघू नका. तुमच्या मॅकवरचा, तुमच्या लिनक्सवरचा आणि तुमच्या विंडोजवरचा एकेक खरा फोल्डर द्या. नावं मराठीत असलेला, आत टॅली किंवा डेटाबेस चालू असलेला. रात्रीचा बॅकअप त्याच्या वेळेला आपोआप होऊ द्या, आणि दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्याच रिकाम्या मशीनवर उतरवून मागा. उतरलेली फाइल उघडून बघा, नुसतं नाव दिसलं म्हणून समाधान मानू नका. पैसे त्यानंतर. डेटाबेसच्या बाबतीत तो फोल्डरची नक्कल करतो की रीतसर डंप, म्हणजे डेटाबेसनं स्वतःच काढून दिलेली पूर्ण प्रत, काढतो हे विचारा. चालू डेटाबेसच्या फाइली तशाच उचलल्या तर त्या पुन्हा उभ्या राहतीलच असं नाही. कोटेशनवर प्रत्येक मशीन, तिची ऑपरेटिंग सिस्टीम, मूळ सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती आणि लायसन्स कोणाच्या नावावर आहे हे लिहून घ्या. लायसन्सची खात्री मूळ कंपनीकडून करून घ्यायला एक मेल पुरते.

आता आमच्याकडे एकच जादूचं सॉफ्टवेअर नाही. मॅकवर टाइम मशीन, टॅलीचा त्याचा स्वतःचा बॅकअप, डेटाबेसचा रोज रात्री डंप, आणि सर्व्हर व विंडोजसाठी रेस्टिक. हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर खरोखर चालतं आणि देवनागरी नावं जशीच्या तशी परत देतं. कमांड लिहून चालवावं लागतं, म्हणून बसवायला जाणता माणूस हवा, आणि त्याच्या कष्टाचे पैसे मी आनंदानं देतो. डिस्का दोन आहेत. एक कायम घरी असते, कारण सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमच्या तावडीत बाकीच्यांबरोबरच सापडते. महिन्यातून एकदा ताई आणि काका मिळून कुठलंही एक जुनं काम उतरवून उघडून बघतात.

आमची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात आहे. समोरच्यांचा पहिला मुद्दा असा, की सॉफ्टवेअर व्यापारी कारणासाठी घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तसा अपवाद आहे खरा, पण स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला त्यातून वगळलेलं आहे, आणि आमचा छापखाना घरचीच माणसं चालवतात. यावर निर्णय व्हायचा आहे. तुमच्याकडेही ‘१ नग’ असं बिल असेल तर ते, सोमवारचे हिरवे अहवाल आणि लायसन्सच्या खिडकीचा फोटो आजच वेगळे काढून ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला आयोगात शुल्क नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.