लक्षद्वीपच्या नावाने गेलेले एक लाख चव्वेचाळीस हजार

गेल्या आठवड्यात अमळनेरच्या एका परिचितांनी मला एक जाहिरात पाठवून, ही सहल कशी वाटते, असे विचारले. निळ्या पाण्यावर दोन लांबट कयाक (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या), मागे काळाकभिन्न कडा, कड्यावर सुचिपर्णी झाडांची रांग आणि खाली ‘अंदमानच्या निर्जन बेटांवर पाच रात्री’ असा मजकूर होता. हे छायाचित्र मी ओळखतो. २०२४ च्या पावसाळ्यात ते माझ्या मोबाइलवर आले तेव्हा त्याखाली लक्षद्वीपचे नाव होते, आणि त्यापायी मी, पत्नी, धाकटा भाऊ व त्याची पत्नी अशा चौघांचे मिळून १,४४,००० रुपये गेले. म्हणून थोडा संकोच बाजूला ठेवून हे सविस्तर लिहीत आहे.

त्या वर्षी जानेवारीत पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आल्यापासून जो तो त्या बेटांविषयी बोलत होता. आमच्यासाठी ते नाव तसे जुनेच आहे, कारण मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस रोज जळगाव आणि भुसावळवरून जाते. ही गाडी एर्नाकुलमला संपते आणि पुढे समुद्र लागतो, एवढे भूगोलज्ञान आम्हाला होते. त्या समुद्राविषयी मात्र आमच्यापैकी कोणालाच काही ठाऊक नव्हते. आमचे पाण्याशी नाते तापी, वाघूर आणि मेहरूण तलाव यांच्यापुरतेच. आईने बेत ऐकून अहिराणीत एकच प्रश्न विचारला होता, “तुले पोहता येस का?” तो प्रश्न सहल नेणाऱ्याने विचारायला हवा होता, हे मला फार उशिरा सुचले.

सहल कंपनीतर्फे फोनवर बोलणारा माणूस स्वच्छ मराठी बोलत असे, मला ‘काका’ म्हणत असे आणि माझ्या प्रत्येक शंकेला त्याच्याजवळ तयार उत्तर असे. “काका, परवाना, जहाज, जेवण, गाइड, सगळं आमच्याकडे. तुम्ही फक्त कोचीला उतरा.” त्याने आमच्याविषयी मात्र काहीच विचारले नाही. कोणाचे वय किती, कोणाला दमा किंवा रक्तदाब आहे का, कयाक उलटली तर तिच्यातून बाहेर कसे पडायचे हे कोणी शिकले आहे का, यातले एक अक्षर नाही. त्याने विचारले ते चौघांच्या टी-शर्टचे माप. इकडे भाऊ गच्चीवर पाटावर बसून बांबूने वल्हवण्याचा सराव करीत असे आणि आम्ही हसत असू.

कार्यक्रमपत्रिकेत तिसऱ्या दिवशी कवरत्तीहून कयाक वल्हवत पिट्टी बेटावर जायचे आणि रात्री तेथे तंबूत राहायचे, असे होते. घरी परत आल्यावर मी नकाशा उघडला. पिट्टी हे कवरत्तीच्या वायव्येला सुमारे २४ किलोमीटरवर असलेले, जेमतेम सव्वा हेक्टरचे, झाडोरा नसलेले प्रवाळी बेट असून समुद्रपक्ष्यांच्या विणीसाठी ते अभयारण्य म्हणून राखलेले आहे. नवशिका माणूस कयाक तासाला चार-पाच किलोमीटर वल्हवतो, तेव्हा हे अंतर म्हणजे उघड्या अरबी समुद्रात किमान पाच तास, तेही वारा आणि प्रवाह अनुकूल असतील तर. लक्षद्वीपमध्ये पर्यटक कयाक चालवतात ते प्रवाळाच्या भिंतीने अडवलेल्या उथळ खाजणात. त्या भिंतीबाहेर तळ झपाट्याने खोल जातो आणि अगत्ती ते कवरत्ती या दोन बेटांमध्येच पन्नास किलोमीटरहून अधिक पाणी आहे. शिवाय ही सारी प्रवाळाची, समुद्रसपाटीपासून काही मीटरच वर आलेली सपाट बेटे. तेथे काळा कडा कोठून येणार आणि सुचिपर्णी झाडे तरी कोठून? छायाचित्र कोणत्या तरी थंड देशातले होते. मी ते दोन महिने रोज पाहत होतो आणि मला त्यातले फक्त पाणी दिसत होते.

पैशांच्या बाबतीतली चूक तर माझ्या व्यवसायालाच काळिमा लावणारी आहे, कारण मी करसल्लागार असून दिवसभर लोकांची बिले तपासतो. पहिले २०,००० रुपये ‘जागा राखण्यासाठी’, पुढचे ६०,००० दिवाळीआधी आणि ५८,००० जहाजाच्या तिकिटांसाठी, असे आम्ही भरत गेलो. पैसे पाठवताना पडद्यावर कंपनीऐवजी एका व्यक्तीचे नाव येत होते. विचारल्यावर “ते आमचे अकाउंटंट आहेत” असे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले. बिलावर जीएसटी क्रमांक होता, आरंभी महाराष्ट्राचा २७ हा संकेतांकही होता. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, पहिल्या दोन अंकांनंतरची दहा अक्षरे पॅनची असतात आणि तो जीएसटीच्या संकेतस्थळावर अर्ध्या मिनिटात तपासता येतो. आमच्या बिलावरच्या क्रमांकात चौदाच अक्षरे होती. ती मी मोजली परतीच्या गाडीत, वरच्या बर्थवर पडल्या पडल्या, बोट ठेवून, तीन वेळा.

शेवटचे ६,००० रुपये तर आम्ही जातानाच्या प्रवासात भरले. गाडी रत्नागिरीच्या आसपास बोगद्यांतून जात असताना, परवान्याचा तातडीचा अधिभार आत्ता न भरल्यास चौघांची नावे यादीतून निघतील, असा त्याचा निरोप आला. बोगदा आला की रेंज जाई, आणि ती परत येईपर्यंत आमचा जीव टांगणीला लागे. विचार करायला उसंत मिळू नये म्हणूनच ती वेळ निवडलेली असावी, असे आता वाटते.

कोचीच्या विलिंग्डन बेटावर लक्षद्वीप प्रशासनाचे कार्यालय आहे. ठरल्याप्रमाणे तेथे कोणीही न्यायला आले नाही आणि सकाळी दहानंतर त्याचा फोन बंद झाला, तेव्हा आम्ही मोबाइलवरचा परवाना घेऊन खिडकीशी गेलो. कर्मचाऱ्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला, क्रमांक संगणकावर शोधला आणि शांतपणे विचारले, की तुमच्या गावच्या पोलिसांचा दाखला कोठे आहे. आम्ही चौघे एकमेकांकडे पाहत राहिलो. लक्षद्वीपमध्ये जाण्यासाठी भारतीय नागरिकालाही १९६७ च्या नियमांनुसार प्रवेशपरवाना लागतो, त्यासाठी पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र द्यावे लागते आणि परवान्यात कोणत्या बेटांवर जायचे ते लिहिलेले असते. आमच्या कागदावर ‘सर्व बेटे’ असे छापलेले होते. एकूण ३६ बेटांपैकी वस्ती असलेली दहाच आहेत, त्यामुळे असा सरसकट परवाना पाहून तो गृहस्थ हसला असता तरी मी त्याला दोष दिला नसता. तो हसला नाही. त्याने आम्हाला बसायला सांगितले आणि पाणी दिले.

तेथूनच मी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे गेल्यानंतर जितक्या लवकर हा फोन होतो तितकी रक्कम पुढच्या खात्यांमध्ये अडवता येण्याची शक्यता अधिक असते. आमचे पहिले तिन्ही हप्ते कधीच काढले गेले होते, आदल्या दिवशीचे ६,००० तेवढे गोठवले गेले आणि तेही सोडवण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागला. जळगावला परतल्यावर सायबर पोलिसांनी परवान्याची पीडीएफ, बिल, व्यवहारांचे क्रमांक आणि मोबाइलवरच्या संभाषणाची उतरवून घेतलेली प्रत मागितली. भावाने रागाच्या भरात त्या माणसाशी झालेले सगळे संभाषण पुसून टाकले होते. माझ्याकडचे शिल्लक होते म्हणून तक्रार उभी राहिली.

अमळनेरच्या परिचितांना मी त्याच दिवशी फोन केला. त्यांच्या पत्रिकेत दुसऱ्या रात्रीचा मुक्काम जॉली बॉय बेटावर होता. ते बेट वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात आहे, तेथे दिवसा बोटीने नेऊन परत आणतात आणि प्लास्टिकची बाटलीसुद्धा किनाऱ्यावरून पुढे नेऊ देत नाहीत, तेव्हा तंबूचा प्रश्नच नाही. मी त्यांना विचारले, की सहल नेणाऱ्यांनी तुम्हाला पोहता येते का, असे विचारले होते का. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “नाही हो भाऊ. टी-शर्टचं माप विचारलं.” त्यांनी आदल्या रात्रीच ५,००० रुपये भरले होते. मी फोन ठेवला आणि त्यांनी १९३० लावला.