गोव्यात कॅम्पर उभा करायचा तर आधी प्लग पाहा

कॅम्पर, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, घेऊन गोव्यात येणारे कॅम्पिंगच्या तळाच्या मालकाला फोनवर पहिलं विचारतात, दारातून समुद्र दिसतो का? दुसरं, पोहायचा तलाव आहे का? प्लग किती अँपिअरचा, त्याला अर्थिंग आहे का, संडासाची टाकी कुठे रिकामी करायची, हे कोणी विचारत नाही. मग रात्री दोन वाजता एसी बंद पडतो आणि समुद्र दिसत असूनही झोप लागत नाही. म्हणून या परीक्षणात देखाव्याला गुण नाहीत. माडांच्या भाटांत म्हणजे बागांत आणि पोफळीच्या कुळागरांत उभे राहिलेले खासगी तळ, वनखात्याची अभयारण्यं आणि फुकट मिळतो म्हणून किनाऱ्यालगतचा रस्ता, या तिन्ही ठिकाणी गाडी उभी करून राहण्याची सोय कितपत आहे, तेवढंच इथे पाहिलं आहे.

अमेरिकेतल्या आरव्ही पार्कांचे (कॅम्परला तिथे आरव्ही म्हणतात) व्हिडिओ पाहून कल्पना बांधलेल्यांची निराशा ठरलेली. तिथे जागेपाशीच विजेचा खांब आणि पाण्याचा नळ असतो, बऱ्याच ठिकाणी मैल्याचा पाइप जोडायला तोंडही असतं. स्टेट पार्कच्या कॅम्पग्राउंडात ते तोंड नसलं तरी निघताना टाकी रिकामी करायला डंप स्टेशन सहसा मिळतं. आपल्याकडे ‘कॅम्पिंग साइट’ म्हणजे मुळात तंबूंची जागा. चाकांवरच्या घराला काय लागतं हे मालकाला ठाऊक असेलच असं नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

गंमत अशी की विजेच्या बाबतीत कागदावर आपण कमी नाही. अमेरिकेतला 30 अँपिअरचा खांब 120 व्होल्टचा, म्हणजे 3,600 वॉटचा. आपला साधा 16 अँपिअरचा पॉवर प्लग 230 व्होल्टवर 3,680 वॉट देतो. एक टनाचा एसी हजार-बाराशे वॉट खातो, इंडक्शन शेगडी पूर्ण आचेवर दोन हजार. दोन्ही एकदम चालतात. त्यात 1,500 वॉटची किटली लावली की एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा खटका, पडू शकतो. चहा आधी, एसी नंतर, एवढी शिस्त पाळली की भागतं.

पण हे गणित प्लगच्या मागे योग्य जाडीची वायर असेल तर. बहुतेक भाटांत वीज घरातून येते. घर एका टोकाला, गाडी दुसऱ्या टोकाला आणि मधे तीस मीटर एक्स्टेंशन. ही एक्स्टेंशन बहुधा 0.75 चौरस मिलिमीटरची असते, लग्नाच्या मांडवात दिव्यांच्या माळांसाठी वापरतात तसली. तिच्यातून 14 अँपिअर ओढले तर जाण्यायेण्याच्या साठ मीटर तारेत साधारण 22 व्होल्ट गळतात आणि तीनशे वॉटच्या आसपास उष्णता केबलमध्येच तयार होते. केबल रिळावर गुंडाळलेली असेल तर ती उष्णता बाहेर पडत नाही, आतल्या वेढ्यांचं प्लास्टिक वितळून एकमेकांना चिकटतं. त्यातून संध्याकाळी वाड्यावरचा व्होल्टेज आधीच 200 वर आलेला असेल तर एसीचा कॉम्प्रेसर नुसता घुंई करतो, उचलत नाही. उपाय सोपा आहे. स्वतःची 2.5 चौरस मिलिमीटरची तीन तारांची तांब्याची केबल आणावी आणि वापरताना रीळ पूर्ण उलगडून ठेवावं. तेवढ्याच भाराला गळती सहा व्होल्टवर येते. सहा अँपिअरच्या प्लगला अडॅप्टर लावून गाडी जोडू नये. तो प्लग 1,380 वॉटचा, म्हणजे एसी आणि दोन दिवे.

अर्थिंग हा इथला सगळ्यात कच्चा दुवा. टेस्टर पेटला म्हणजे फेज आहे एवढंच कळतं, अर्थिंगबद्दल तो काही सांगत नाही. मल्टिमीटर लावावा: फेज ते न्यूट्रल जेवढं दिसतं तेवढंच फेज ते अर्थ दिसलं पाहिजे आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्टच्या पुढे जाऊ नये. फेज ते अर्थ शंभर-सव्वाशेच दिसलं तर तिसऱ्या भोकातली तार कुठेच पोचत नाही असं समजावं. अशा जोडणीवर अनवाणी ओल्या जमिनीवरून गाडीच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. बरं, अर्थिंग खड्डा असला तरी जांभ्या दगडाची जमीन एप्रिल-मे महिन्यांत कोरडी ठक्क होते आणि तिचा रोध वाढतो. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून पुन्हा मोजा, आकडा सुधारताना दिसतो. गाडीतला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की ती तोडणारा खटका, वारंवार पडत असेल तर तो बायपास करून देणाऱ्या मदतनीसाला हात जोडून परत पाठवावं. बहुतेक वेळा गिझरचं कॉइल किंवा बाहेरच्या प्लगात शिरलेली ओल हे कारण असतं. एकेक उपकरण काढत गेलं की सापडतं.

पाण्यात वाईट काही नाही, फक्त विचारून घ्यावं. किनारपट्टीवरच्या विहिरी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ लागतात, आतल्या तालुक्यांत लोहामुळे पाणी तांबूस येतं. नळीच्या तोंडाला पाच मायक्रॉनचा गाळफिल्टर लावला तर पंपाची जाळी तुंबत नाही. प्यायला वीस लिटरचा जार वेगळा. शंभर लिटरची टाकी दोघांना जपून वापरली तर दोन-अडीच दिवस पुरते, केस धुवायचे म्हटले तर दीडच.

आता संडास. आपल्याकडच्या भाड्याच्या गाड्यांत बहुधा कॅसेट टॉयलेट असतं, म्हणजे खालची टाकी ओढून काढता येणारा संडास, अठरा-वीस लिटरचा. दोघांना दोन, फार तर तीन दिवस. ती कॅसेट तळावरच्या सेप्टिक टँकच्या चेंबरमध्येच रिकामी करायची. शोषखड्ड्यात नाही, माडाच्या आळ्यात तर नाहीच. जांभा सच्छिद्र असतो. वरून ओतलेलं झपाट्याने खाली उतरतं आणि शेजारची विहीर पंधरा-वीस मीटरच्या आत असेल तर तिला जाऊन मिळायला वेळ लागत नाही. फॉर्मॅल्डिहाइडवालं निळं रसायन वापरू नये. त्याने सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात, टाकी कुजवायचं काम थांबवते आणि पंधरा दिवसांनी वास येतो तो मालकाच्या पडवीत. हिरव्या बाटलीत मिळणारं जैविक रसायन चालतं. चेंबरचं झाकण उघडून द्यायला जो मालक कुरकुर करत नाही, त्याच्या तळाला या परीक्षणात एक गुण जास्त.

भाटातल्या तळांची जमेची बाजू सावली. पण माडाखाली गाडी लावू नये हे काणकोणातलं शेंबडं पोरही सांगेल. पाडेली येऊन नारळ उतरवून गेलाय का हे विचारावं, आणि गेला असला तरी झावळ पडायची राहत नाही. कुळागरात पोफळी सुरक्षित, पण वाट अरुंद: दोन्ही बाजूंना चिऱ्यांचा गडगा, वर घराकडे गेलेली विजेची तार. एसीसकट कॅम्परची उंची तीन मीटरच्या आसपास जाते. फणसाची आडवी फांदी त्याच उंचीवर असते, का कोण जाणे. एकाने उतरून पुढे चालावं. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की पोळी-उंडे हे पाव दाराशी मिळतात. या बाबतीत जगातला कुठलाही आरव्ही पार्क भाटाची बरोबरी करणार नाही.

तंबूतच राहायचं असेल तर तळावरचे खिळे कामाचे नाहीत. बारीक ॲल्युमिनिअमचे खिळे जांभ्यात दोन बोटं जाऊन वाकतात. फूटभर लांबीचे लोखंडी खिळे आणि दोन किलोची हातोडी लागते. रेतीत उलट अडचण, खिळा धरतच नाही. पिशवीत रेती भरून, दोरी बांधून ती फूट-दीड फूट खोल पुरली की वाऱ्याला पुरून उरते. भाड्याच्या तंबूंना आतून घाम सुटतो, कारण वरच्या झडपा कोणी उघडत नाही. गादीचा कुबट वास आला तर तंबू बदलून मागावा, ऊन दाखवून वास जात नाही.

अभयारण्यांचं गणित वेगळं. कोटीगाव 1968 पासूनचं, दाट आणि शांत, पैंगिणीजवळून आत शिरता येतं. बोंडला जेमतेम आठ चौरस किलोमीटरचं, प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद. दोन्हीकडे राहायला खोल्या आहेत, पण कॅम्परला जोडून घ्यायची सोय नाही, आणि परवानगीशिवाय आत गाडीत रात्र काढता येत नाही. तेव्हा गाडी बाहेर ठेवावी आणि खोली घ्यावी. रात्रीच्या शांततेला दहापैकी दहा. शेकोटी मात्र विसरायची. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो, आणि मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यातल्या डोंगरांना लागलेल्या आगी पाहिल्यावर वनरक्षकाशी वाद घालायचं तोंड कोणाला उरलेलं नाही. सत्तरी तालुक्यातल्या रानात डिसेंबरपासून मेपर्यंत गोचिडीपासून जपावं. तिथे 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. पूर्ण बाह्या, पायमोजांत खोवलेली पँट, आणि रात्री काखा, जांघा, कानामागे तपासणं. पावसात नेत्रावळी अभयारण्यात जळवा. त्यांना मीठ लावलं की सुटतात.

किनाऱ्याचा रस्ता? शून्य. उघड्यावर स्वयंपाक करायला पर्यटनस्थळांच्या 2001 च्या कायद्यात 2019 साली दुरुस्ती करून बंदी घातली आहे आणि दंड होतो. रेतीवर गाडी नेणं तर बंदच. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, म्हणून कॅम्परच्या छताखालचा एक एलईडी पट्टाही त्यांना समुद्राऐवजी रस्त्याकडे वळवतो.

गाडी भाड्याने घेताना आधी नंबरप्लेट बघायची. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी ‘मित्राची आहे’ म्हणून दिली जाते, आणि अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. आत शिरल्यावर गॅसचा खण उघडावा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून झरोका तळाशी, थेट बाहेर उघडणारा हवा. झरोका फक्त वर असेल तर ती गाडी घेऊ नये, भाडं कितीही कमी असो. मग गॅसच्या नळीवर छापलेलं साल, अग्निशामकाची सुई हिरव्यात आहे का, आणि खालचा पत्रा. किनाऱ्यावर फिरलेल्या गाडीला खारी हवा आधी पायरीच्या बिजागरीत आणि जॅकच्या पायांत खाते.

फेरीबोटीने नदी ओलांडायची हौस असेल तर भरतीच्या सुमाराला जावं. ओहोटीला धक्क्याचा उतार खडा होतो आणि मागच्या चाकांमागे लांब शेपूट असलेल्या कॅम्परचा सांडपाण्याचा पाइप रॅम्पवर घासतो. पाइप तिथे फुटला तर फेरीवरचे लोक काय म्हणतात ते इथे छापण्यासारखं नाही.